इंजिन बंद करून

मी भित्रा माणूस आहे. हे मी विनयानं सांगत नाही, वस्तुस्थिती म्हणून सांगतो. इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या आमच्या घरात जितक्या खोल्या आहेत तितके स्मोक अलार्म आहेत आणि दर रविवारी मी स्टुलावर चढून ते सगळे वाजवून बघतो. गॅस बंद केलाय ना, हे बघायला मी एकदा मोटरवेवरून गाडी परत आणली होती, आणि आमच्याकडे गॅस नाहीच, इंडक्शन आहे. "भित्यापाठी ब्रह्मराक्षस," असं माझी बायको म्हणते, "आणि त्या ब्रह्मराक्षसापाठी मी, त्याला हाकलायला." ती इथल्या एका शाळेत गणित शिकवते. पंधरा-सोळा वर्षांच्या इंग्रज पोरांसमोर उभं राहून जी बाई रोज बीजगणित शिकवते, तिला आणखी कशाची भीती वाटणार?

ऑफिसात माझ्या शेजारच्या डेस्कवर एक जपानी गृहस्थ बसायचे. निवृत्तीला टेकलेले, बारीक अंगाचे, नीटनेटके. तरुणपणी एका जपानी कंपनीतर्फे इथे आले, इथल्याच बाईशी लग्न केलं आणि इथेच राहिले. ऑफिसात सगळे एकमेकांना पहिल्या नावानं हाक मारतात आणि मीही मारायचो, पण वडीलधाऱ्या माणसाला तसं बोलवताना माझी जीभ दर वेळी थोडी अडखळायची. मनातल्या मनात मी त्यांना काका म्हणत असे, म्हणून इथेही काकाच म्हणतो. त्यांची बायको अलीकडेच गेली होती. ते दुपारी खिडकीशी बसून एकटेच सँडविच खायचे. हे मी घरी बोललो, तर बायको म्हणाली, "अरे मग घेऊन ये ना त्यांना शनिवारी. भजी करते."

ते आले. हातात सुबक कागदात बांधलेला बिस्किटांचा डबा, बूट दाराशी जुळवून ठेवलेले. मी त्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं आणि बायकोनं आत कांदाभजीचा पहिला घाणा तेलात सोडला. तो तडतडाट सुरू झाला आणि काका उठून स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभे राहिले. डोळे मिटलेले. मला वाटलं, तळणाचा वास सोसत नसेल. मी घाईनं खिडकी उघडायला गेलो.

"नको, नको," ते म्हणाले. आमचं बोलणं अर्थात इंग्रजीत चालायचं. "मी ऐकतोय. लहानपणी आमच्या घरात हा आवाज कधीच नव्हता. माझ्या वडिलांना तो चालायचा नाही. आई तळलेलं काही खायला घालायची तर शेजारणीकडून करून आणायची."

आता असं म्हटल्यावर कोण विचारणार नाही? बायकोनं विचारलं. आणि तिथेच, दाराच्या चौकटीला टेकून, त्यांनी सांगायला सुरुवात केली.

त्यांचे वडील दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी शेवटी जपानी आरमारात एका छोट्या बोटीवर होते. दक्षिणेकडून तेल भरून जपानकडे निघालेल्या टँकरांची राखण करायची, हे त्या बोटीचं काम. मधे टँकर, आजूबाजूला अशा थोड्या राखणीच्या बोटी, आणि तो सगळा तांडा चीनचा किनारा धरून हळूहळू वर सरकायचा, कारण उथळ पाण्यात पाणबुडीला लपायला जागा कमी. बोट इतक्या घाईनं बांधलेली की तिला नाव द्यायलाही कोणाला सवड झाली नव्हती. तिला नुसता नंबर होता. आणि वेग असा, की पाणबुडी पाण्यावर येऊन पळू लागली तर ती या बोटीपेक्षा जोरात जायची. म्हणजे चोर पळाला तर पकडता यायचा नाही आणि चोर अंगावर आला तर स्वतःला पळता यायचं नाही, असा तो पहारेकरी!

वडील तेव्हा जेमतेम विशीचे. त्यांच्याकडे ऐकण्याचं काम होतं. बोटीच्या पोटात एका खुराड्यात बसून, कानाला हेडफोन लावून, पाण्याखालचे आवाज ऐकायचे आणि त्यात पाणबुडीच्या पंख्याचा आवाज आहे का ते वर सांगायचं. त्या उबदार समुद्रात एक बारीकशी कोळंबी असते. ती आपला चिमटा वाजवते. एकीचा आवाज तो केवढा, पण लाखो कोळंब्या एकदम वाजू लागल्या की हेडफोनमध्ये कढईत भजी सोडल्यासारखं तडतडत राहतं, दिवसचे दिवस. त्या तडतडीच्या पलीकडे टँकरांचे पंखे, लाटा, मासे, आणि या सगळ्याच्या पलीकडे, असलाच तर, तो.

"आणि स्वतःचं इंजिन?" बायकोनं विचारलं. झारा हातात तसाच.

"तोच तर प्रश्न," काका म्हणाले. "आपल्याच इंजिनाचा आवाज सगळ्यात मोठा. नीट ऐकायचं तर ते बंद करावं लागतं. बंद केलं की बोट थांबते. आणि थांबलेल्या बोटीवर नेम धरणं सगळ्यात सोपं. चालत राहिलात तर बहिरे, थांबलात तर निशाण. वडील म्हणायचे, दर वेळी इंजिन बंद झालं की सगळ्या बोटीच्या पोटात एकदम गोळा यायचा, आणि त्यांनी मात्र त्याच वेळी शांत राहून ऐकायचं."

त्या दिवशी भजी छान झाली होती म्हणे. माझ्या घशाखाली काही नीट उतरली नाहीत. मी डोळ्यांसमोर त्या खुराड्यात जाऊन बसलो होतो, आणि मला तिथून बाहेर यायचं दार सापडत नव्हतं.

निघताना काका बूट घालून वाकले आणि म्हणाले, "तुम्ही दोघांनी एकदा माझ्या बोटीवर यायला हवं." ही बोट म्हणजे त्यांच्या बायकोची. छोटी, शिडाची, साउथॅम्प्टनजवळ बांधून ठेवलेली.

आता या वाक्याचा अर्थ मला कळायला हवा होता. "या की एकदा आमच्याकडे" असं आपणही रस्त्यात भेटलेल्या माणसाला म्हणतोच. तो खरोखर पिशवी घेऊन दारात उभा राहिला की आपली त्रेधा उडते. पुण्यात वाढलेल्या माणसाला तर हे शिकवावंही लागू नये. पण समोर वयानं मोठा, नुकताच एकटा पडलेला माणूस. त्याला नको कसं म्हणायचं? "नक्की! कधी?" मी म्हणालो. त्या 'कधी'नं घात केला. कधी असं विचारल्यावर तारीख न देणं त्यांना असभ्य वाटलं, आणि तारीख दिल्यावर नाही म्हणणं मला. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. ती बुडण्याची मावशीही असावी.

मग आठवडाभर एक चमत्कारिक प्रकार चालला. काका मला रोज विचारायचे, "तुम्हाला गैरसोयीचं असेल तर अगदी मोकळेपणानं सांगा हं." मी म्हणायचो, "छे छे, आम्ही वाट बघतोय." मी विचारायचो, "तुम्हाला त्रास होत असेल तर राहू द्या." ते म्हणायचे, "त्रास कसला?" आणि दोघंही आपापल्या स्क्रीनकडे वळायचो. मी दिवसभर हवामानाचा अंदाज उघडून पावसाची, वादळाची, कशाचीही आशा धरून बसायचो. मला पोहता येत नाही. बायको इथे आल्यावर कौन्सिलच्या तलावात जाऊन शिकली. मी वरच्या बाकावर बसून तिचा टॉवेल सांभाळला.

त्या सकाळी हवा इतकी स्वच्छ होती की मला रडू यायचं बाकी राहिलं. लाइफ जॅकेट मी कार पार्कमध्येच चढवलं. बायको नवे बूट घालून टुणकन बोटीत उतरली. मी कसा उतरलो ते सांगत नाही.

जाताना काही झालं नाही, हे कबूल करायला हवं. शीड भरलं, बोट कलली, बायकोचे केस उडाले, काकांनी सुकाणू तिच्या हातात दिलं. मी मधल्या फळीवर बसून दोन्ही हातांनी दोन निरनिराळ्या गोष्टी धरून ठेवल्या होत्या. वाटेत मोठ्या जहाजांचा खोल मार्ग आडवा लागतो, तोही आम्ही ओलांडला. लांबून एक कंटेनरचं जहाज गेलं, पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या इमारती एकावर एक ठेवल्या तरी पुरणार नाहीत एवढं. त्याच्या नाकाखालून आमच्यासारखी बोट गेली तर वरच्या माणसाला दिसणारसुद्धा नाही, अशी माहिती काकांनी सौम्यपणे दिली. आइल ऑफ वाइट बेटावर उतरून आम्ही चहा घेतला, सँडविच खाल्ली. मला जमीन इतकी आवडली की मी फेरीबोटीनं परत जाऊ का असं विचारणार होतो. विचारलं नाही.

परतीच्या वाटेवर वारा पडला. काकांनी शीड गुंडाळलं आणि इंजिन लावलं. छोटं डिझेल इंजिन, पण त्याच्या धडधडाटात शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येईना. मग समोरचा किनारा थोडा फिका झाला. मग आणखी फिका. मला वाटलं माझ्या चष्म्यावर वाफ धरली. चष्मा पुसून डोळ्यांवर ठेवला तर किनारा नव्हताच. मागे वळून बघितलं तर मागचाही नव्हता. धुकं असं चालत येत नाही, ते होऊन गेलेलं असतं. बोटीचं टोक तेवढं दिसत होतं आणि त्याच्या पुढे पांढरं.

"आपण कुठे आहोत?" मी ओरडून विचारलं.

काकांनी फोनवर बोट ठेवून दाखवलं. त्यावर जहाजं दाखवणारं ॲप होतं. आमच्यापुढे तो खोल मार्ग होता आणि ॲपमध्ये तो रिकामा होता. रेडिओवर कोणीतरी भराभर बोलत होतं. "मोठं एक आत गेलंय. पुढच्याला अजून बराच वेळ आहे," काका म्हणाले. "ओलांडून जाऊ. पण ॲपवर सगळंच दिसतं असं नाही."

आणि त्यांनी इंजिन बंद केलं.

मला त्या भजीच्या शनिवारी कळलं होतं ते डोक्यानं कळलं होतं. आता ते पोटात कळलं. इंजिन थांबल्याबरोबर बोट ढिली पडली, ओहोटीचं पाणी तिला आपल्या मनानं कुठेतरी नेऊ लागलं, आणि दोरांवरून थेंब पडताना टपटप ऐकू येऊ लागले. पांढऱ्या भिंतीच्या आत आम्ही तिघं, न हलता. जे काही येणार ते नेमकं इथेच येईल असं वाटायला लागलं. चालू करा, चालू करा हो ते, असं मी मनात म्हणत होतो. काका मान एका बाजूला कलती करून बसले होते, हात गुडघ्यावर. मग त्यांनी मान हलवली आणि इंजिन लावलं. मला हायसं वाटलं, आणि लगेच कळलं की आता आपण बहिरे झालो. थोडं पुढे गेल्यावर त्यांनी पुन्हा बंद केलं. असं चाललं. चालू असताना मला बंद करावंसं वाटायचं आणि बंद असताना चालू. सुख कशातच नव्हतं.

एकदा असं थांबलेलो असताना मी ओरडलो, "शिप! शिप!" भोंगा वाजला होता. काकांनी ऐकलं. पुन्हा वाजला, तेव्हा ते म्हणाले, "फेरी. फार लांब आहे." बायकोनं माझ्या पाठीवर थोपटलं. "रिलॅक्स रे," ती म्हणाली, "तो भोंगा आपल्यासाठी नाहीये."

पुढच्या खेपेला मला स्पष्ट घरघर ऐकू आली, अगदी जवळ, खालून. मी फळीवरून उडालोच. "खाली आहे! आपल्या खाली आहे काहीतरी!" काका घाईनं उठले, फळी उचलली, आणि आतलं पाणी उपसणारा पंप घरघरत होता तो आम्हा तिघांना दिसला.

"अरे, तू पंपावर बसलायस!" बायकोला हसू आवरेना. "पाणबुडी नाही रे ती, पंप! आता घरी गेल्यावर त्यालाही एक अलार्म लावू या." ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मीही हसल्यासारखं केलं. कान तापले होते माझे. काका हसले नाहीत. त्यांनी फळी जागेवर ठेवली आणि माझ्याकडे असं बघितलं, की मला वाटलं ते चिडलेत.

त्यानंतर त्यांनी पुन्हा इंजिन बंद केलं. आम्ही ऐन त्या खोल मार्गात होतो. थेंब पडत होते. काही ऐकू येत नव्हतं, खरंच येत नव्हतं. पण माझ्या तळपायांना काहीतरी लागत होतं. आवाज नव्हे, फळीला बारीक कंप. आहे, नाही, आहे. मी पंपाकडे बघितलं, तो बंद होता. ॲप रिकामं होतं. रेडिओ गप्प होता. बायको पाण्याकडे बघत होती, तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. मी स्वतःला म्हणालो, गप्प बस. दोनदा शोभा झालीय. हे तुझेच पाय थरथरतायत, मूर्खा. आणि मी खरोखर गप्प बसलो, काही वेळ. किती ते माहीत नाही. हसं होण्याची भीती ही मरणाच्या भीतीच्या तोडीची असते, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. दोघी एकमेकींना धरून बसल्या होत्या आणि मी मधे. शेवटी मरणाची जरा वजनदार निघाली इतकंच. यात शौर्य नाही. राहवलं नाही म्हणून तोंडातून निघालं, आणि आवाज असा निघाला की मला माझीच लाज वाटली.

"येतंय. उजवीकडून. काहीतरी मोठं येतंय."

काकांनी काहीच विचारलं नाही. ॲप बघितलं नाही, कान दिला नाही, माझ्याकडेही बघितलं नाही. इंजिन लावलं, सुकाणू पूर्ण फिरवलं आणि बोट डावीकडे सोडली, जेवढी पळेल तेवढी. "तिकडे वाळूचा दांडा आहे," ते ओरडले. "मोठ्याला तिथे येता येत नाही!" आता इंजिनाच्या आवाजात काही म्हणजे काही कळत नव्हतं. मी उजवीकडच्या पांढऱ्यात डोळे फाडून बघत होतो आणि तिथून एक काळी भिंत बाहेर येईल याची वाट बघत होतो. देवाचं नाव घ्यावं तर एकही आठवेना. बायकोनं माझं लाइफ जॅकेट मागून मुठीत धरलं होतं.

बोट धाडकन थांबली. बायको माझ्यावर आदळली, मी कठड्यावर. तळ वाळूत रुतला होता. काकांनी इंजिन बंद केलं आणि आम्ही तिघं तसेच, वाकडेतिकडे, ऐकत राहिलो.

जहाज दिसलं नाही. भोंगाही ऐकला नाही. जळक्या तेलाचा वास आला. मग धुक्यातून एक लाट आली. वारा नाही, काही नाही, आणि गुळगुळीत, हिरवी, माझ्या कमरेएवढी लाट. तिनं आमची रुतलेली बोट उचलली आणि वाळूवर आपटली. आत कपबश्या फुटल्या. तिच्यामागून दुसरी आली, तिसरी आली, आणि मग पाणी पुन्हा सपाट झालं. ते काय होतं, कोणाचं होतं, त्याचा पत्ता आम्हाला नंतरही लागला नाही. पण लाट कोणीतरी सोडल्याशिवाय येत नाही.

काकांनी रेडिओवर कळवलं. आम्ही सुरक्षित आहोत, दांड्यावर बसलोय, भरती आली की निघू. त्यांचा आवाज स्थिर होता. रेडिओ खाली ठेवल्यावर मात्र त्यांनी दोन्ही हात काखेत घट्ट धरून ठेवले. बोट एका अंगावर कलली होती. आम्ही तिरप्या बाकावर एकमेकांना रेलून बसलो आणि धुकं थोडं थोडं विरळ होत गेलं.

"माझ्या वडिलांनी दोनदा सांगितलं होतं," काका एकदम म्हणाले.

मला आधी कळेना ते कशाबद्दल बोलतायत.

"एकाच दिवशी दोनदा. पाणबुडी आहे म्हणून. दोन्ही वेळा सगळा तांडा वळवला, पाण्यात बॉम्बची पिंपं टाकली. वर आले ते नुसते मासे. खलाशांनी ते गोळा करून खाल्ले आणि वडिलांना म्हणाले, रोज असंच चुकत जा, जेवण चांगलं होतं. अधिकाऱ्यानं सगळ्यांसमोर तोंडात मारली. तेव्हा मारायचेच. त्याच संध्याकाळी त्यांना पुन्हा ऐकू आलं. त्या तडतडीच्या मागे, अगदी बारीक. त्यांनी ठरवलं, आणखी थोडं ऐकू. खात्री झाली की सांगू."

त्यांनी मान उजवीकडे, पाण्याकडे वळवली.

"मागच्या टँकरला टॉर्पेडो लागला. पाण्यावर तेल, तेलाला आग, आगीत माणसं. आणि ती पाणबुडी तिथेच खाली. तिच्यावर बॉम्ब टाकायचे तर तेही त्याच पाण्यात, त्याच माणसांच्या खाली. टाकले त्यांनी. हुकूम होता. वडिलांच्या कानाला हेडफोन होते." काकांनी काखेतले हात काढून बघितले आणि परत तिथेच ठेवले. "खात्री व्हायला किती वेळ घेतला, ते त्यांनाही माहीत नव्हतं. आमच्या घरात एकच नियम होता. भीती वाटली की बोलायचं. मोठ्यानं. चुकलं तरी, हसले तरी. शाळेत मी सगळ्यात भित्रा मुलगा म्हणून प्रसिद्ध होतो."

"मग आज सकाळी बोलला का नाहीत?" मी विचारलं. "तुम्हालाही यायचं नव्हतं ना?"

"बायको गेल्यापासून मी ही बोट धक्क्यावरून हलवलेलीच नव्हती," ते म्हणाले. "मला वाटलं, तुम्ही नाही म्हणाल. आठवडाभर मी रोज तुम्हाला संधी देत होतो."

"मी तुम्हाला देत होतो," मी म्हणालो.

आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि हसत सुटलो. वेड्यासारखे, पोट धरून, वाळूवर कललेल्या बोटीत, दोन बावळट. ते हसणं चांगलं नव्हतं. मधेच काका रडायला लागले आणि मग मी त्यांचा हात धरून बसलो. बायको हसली नाही. काकांनी वडिलांची गोष्ट सांगायला घेतल्यापासून ती एक अक्षर बोलली नव्हती. ती कलत्या बाजूच्या कठड्याला धरून उजवीकडे, खोल पाण्याच्या दिशेला बघत होती. मला वाटलं, दमली असेल.

भरती आली, बोट तरंगली, धुकं उठलं, आणि उन्हात आम्ही परत आलो. धक्क्यावर काकांनी वाकून निरोप घेतला, मीही वाकलो. पुढच्या महिन्यात त्यांनी ती बोट विकायला काढली. मला त्यांनी ते येऊन स्पष्ट सांगितलं, आणि मीही स्पष्ट सांगितलं की मला आनंद झाला.

गाडी बायकोच चालवत होती. माझे पाय अजून पेडलवर ठेवण्यासारखे नव्हते. एम-थ्री मोटरवेवर आलो. सगळीकडे ऊन होतं, लोक आपापल्या गाड्यांमधून घरी चालले होते. मी रेडिओ लावणार, एवढ्यात ती म्हणाली,

"मलाही आलं होतं ते."

"काय आलं होतं?"

"ते. पायाला. तुझ्या आधी." ती समोर रस्त्याकडेच बघत होती. "पंपाकडे बघितलं मी, बंद होता. मला कळलं हे वेगळं आहे म्हणून. आय न्यू. पण तुला एवढं हसले होते ना रे मी, दोन मिनिटांपूर्वी. आता मी कुठल्या तोंडानं म्हणणार? म्हटलं, नसेल काही. म्हटलं, असेल तर काकांना कळेलच की."

मी रेडिओकडे नेलेला हात मागे घेतला.

"पण बोलली असतीस ना?" मी म्हणालो. "मी बोललो नसतो तर? थोड्या वेळानं तरी?"

तिनं आरशात बघितलं, इंडिकेटर दिला, डावीकडची लेन घेतली. वेग कमी केला.

"माहीत नाही," ती म्हणाली, आणि ते खरं होतं.

त्या दिवसात मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती तेव्हा, कोरड्या रस्त्यावर, सीटबेल्ट लावून बसलेलो असताना.